उत्तर ऐकून वळणारी गोष्ट

नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झाले आणि २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातून १९८३ साली वेगळे निघालेले अमरावतीचे विद्यापीठ आज संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. विदर्भातल्या पदव्यांवर ज्यांची नावे छापली जातात, ती ही दोन माणसे स्वतः कधी महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती. तुकडोजींनी शाळा लवकर सोडली. गाडगेबाबांना तर लिहिता-वाचताच येत नव्हते. एकाच्या हातात खंजिरी होती, दुसऱ्याच्या हातात खराटा, आणि दोघांचे काम रात्री जमलेल्या माणसांना बोलते करण्याचे होते. त्यांच्या समाजसुधारणेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्या सुधारणेच्या पोटात एक कसब होते, त्याच्याकडे मात्र कसब म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. समोरचा काय उत्तर देतो ते ऐकून गोष्टीला वळण द्यायचे, आणि तरी गोष्ट हातातून सुटू द्यायची नाही, असे ते कसब. आज हेच काम करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ट्वाइन, रेनपाय, इंक अशी त्यांची नावे आहेत, त्यांत लिहिण्याला स्क्रिप्टिंग म्हणतात, आणि नागपुरातला एखादा विद्यार्थी ते शिकायला बसतो तेव्हा आपण संपूर्णपणे परक्या विद्येच्या दारात उभे आहोत असा त्याचा समज असतो. हा समज चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. भाषा परकी असेल, यंत्र परके असेल. विद्या या मुलखात जुनी आहे. इतकेच नव्हे, ती शिकण्याचा इथला जुना क्रम आजच्या नवशिक्याला पुस्तकांतल्या क्रमापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

आधी यंत्राची बाजू थोडक्यात पाहू. १९७० च्या दशकाच्या मध्यावर विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने गुहेत भटकण्याचा एक खेळ लिहिला आणि १९७७ साली डॉन वूड्सने तो वाढवला. पडद्यावर जागेचे वर्णन यायचे, खेळणाऱ्याने एकदोन शब्दांचा हुकूम टाइप करायचा आणि त्यानुसार गोष्ट पुढे सरकायची. १९७९ साली एडवर्ड पॅकार्डचे ‘द केव्ह ऑफ टाइम’ हे पुस्तक आले. त्यात वाचकाने निर्णय घ्यायचा आणि सांगितलेल्या पानावर उडी मारायची. पुढे २००४ मध्ये रेनपाय आले, २००९ मध्ये क्रिस क्लिमासने ट्वाइन तयार केले, २०१६ मध्ये इंक ही भाषा सर्वांसाठी खुली झाली. या सगळ्यांत नवशिक्याला मुळात चार गोष्टी शिकायच्या असतात. गोष्टीचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जायची वाट ठेवायची. वाचणाऱ्याने मागे काय केले त्याची खूण कुठेतरी नोंदवून ठेवायची; तिला चल म्हणतात. त्या खुणेवर अट घालायची, म्हणजे अमुक झाले असेल तर हे दाखव, नसेल तर ते. आणि फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र आणायच्या. चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि नवशिके नेमके तिथेच अडकतात. प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय दिले आणि वाटा कधीच जुळवल्या नाहीत, तर दहा निर्णयांनंतर १०२४ शेवट लिहावे लागतात. एवढे लिहिण्याची कोणाची छाती नसते, म्हणून असंख्य कथा चौथ्या-पाचव्या फांदीवर सुकून जातात.

आता गाडगेबाबांचे कीर्तन पाहा. देबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावात आले की ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. झाडण्याचा अर्थ सेवा, हे खरेच. पण कसबाच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. दिवसभर गल्लीबोळ झाडणाऱ्या माणसाला कोणाच्या दारात घाण आहे, पाणवठ्यावर कोणाला मज्जाव आहे, कोणाच्या घरी नवसाचे बकरे बांधले आहे, हे सगळे दिसते. रात्री गोष्ट जिच्यावर वळणार, ती माहिती दिवसा गोळा झालेली असे. मग कीर्तन. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, निरूपणासाठी अभंग असतो, आख्यान असते, आणि श्रोता हरिनामाच्या गजरापुरता बोलतो. गाडगेबाबांनी हा साचा मोडून श्रोत्याला मधोमध आणले. ते प्रश्न विचारीत आणि थांबत. लोक उत्तर देत. त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. देवाला अंघोळ कोण घालतो, त्याला धोतर कोण नेसवतो, त्याच्यापुढचा नैवेद्य कुत्र्याने खाल्ला तर कुत्र्याला हाकलायला कोणाला उभे राहावे लागते, अशी विचारणा ते वऱ्हाडी बोलीत करीत, आणि प्रत्येक वेळी उत्तर समुदायाच्या तोंडून येई. त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ऐकायला मिळते. ते डोळे मिटून ऐकले तर लक्षात येते की अर्धे कीर्तन श्रोत्यांनी केलेले आहे.

पण नीट ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसेल. ते प्रश्न मोकळे नसत. त्यांचे उत्तर बहुतेक वेळा हो, नाही, किंवा एखाददुसरा शब्द, इतकेच असू शकत होते. ‘तुमचा देवाबद्दल काय विचार आहे’ असे विचारले असते तर शंभर उत्तरे आली असती आणि गोष्ट विखुरली असती. ‘हे काम देव करतो की माणूस’ असे विचारले की दोनच वाटा उरतात, आणि दोन्हींची तयारी वक्त्याजवळ असते. शिवाय दर काही प्रश्नांनंतर नामाचा गजर येतो. कोणी काहीही उत्तर दिलेले असो, गजरात सगळे एकत्र होतात आणि पुढचा विषय तिथून सुरू होतो. फुटलेल्या वाटा जुळवण्याची ही जागा आहे. आणि श्रोत्यांनी एकदा कबूल केलेली गोष्ट बाबा विसरत नसत. सुरुवातीला मिळालेले ‘हो’ शेवटच्या उपदेशाच्या वेळी परत पुढे ठेवले जाई. तीच वर सांगितलेली खूण. अक्षरओळख नसलेल्या माणसाने हे सगळे केले, याचा अर्थ आपण पुरता लक्षात घ्यायला हवा. स्क्रिप्ट या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे लिहिलेला कागद येतो. इथे कागद नव्हता आणि स्क्रिप्ट मात्र होती: प्रश्नांचा क्रम, प्रत्येक उत्तराला ठरलेली पुढची पायरी, आणि परतायची जागा.

गाडगेबाबा हे अपवादात्मक माणूस होते, त्यांच्यावरून सगळ्या प्रदेशाबद्दल काही सांगता येणार नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून त्यांच्याहून सामान्य आणि त्यांच्याहून जुना पुरावा पाहिला पाहिजे, आणि तो पूर्व विदर्भात भरपूर आहे. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, की भंडारा, गोंदिया आणि नागपूरच्या पूर्वेकडच्या गावांत मंडया भरू लागतात. धान निघायला आलेले असते, पाहुणे येतात, आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत होते. खडी म्हणजे उभी. शाहीर, नाच्या, सोंगाड्या, ढोलकीवाला आणि मागचे साथीदार उभ्यानेच सगळा खेळ करतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशाशी तिचे नाते उघड आहे. गण होतो, गवळण होते, लावणी होते, आणि मग गोष्ट. या सगळ्यात गाणी बांधलेली असतात. एक अक्षर इकडचे तिकडे होत नाही. गाण्यांच्या मधला जो भाग, ज्याला बतावणी म्हणतात, तो मात्र मोकळा असतो. तमाशातल्या वगाचीही रीत हीच होती. उमाबाब सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा १८६५ च्या सुमाराचा वग पहिला मानतात. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे वगाचे कथानक आणि पदे ठरलेली, संवाद मात्र नटांनी जागेवर जुळवायचे, असा रिवाज होता. खेळ रात्रभर चालायचा. इतका वेळ सगळेच मोकळे ठेवले तर कोणाच्याही हातून तो सुटला असता, आणि सगळेच बांधले तर समोर बसलेल्या माणसाला त्यात जागा उरली नसती. बांधलेले आणि मोकळे यांची ही आळीपाळी म्हणजे त्या १०२४ शेवटांच्या प्रश्नाला लोककलावंतांनी शोधलेले उत्तर आहे. सोंगाड्या प्रेक्षकाला कितीही दूर नेवो, ढोलकीची थाप पडली की पुढचे पद ठरलेले आहे.

कलगी-तुऱ्याच्या झगड्यात हा विचार आणखी ताणला गेला. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांना चंदेरीच्या राजाने तुरा आणि कलगी बहाल केली, अशी या परंपरेची आख्यायिका आहे. ती ऐतिहासिक मानायचे कारण नाही. पण हा वाद मध्य भारत, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा मोठ्या टापूत गायला गेला, आणि नागपूर या टापूंच्या सांध्यावर आहे. तुरेवाले पुरुषतत्त्वाचा, शिवाचा पक्ष घेतात, कलगीवाले शक्तीचा. एकाने भेदिक लावणीत कूट प्रश्न घालायचा, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे आणि उलटा सवाल टाकायचा. आता इथे समोरचा श्रोता भाबडा नाही. तो मुद्दाम अडवायला आलेला प्रतिस्पर्धी आहे. त्याचे म्हणणे आधी कळणार नाही. तरीही शाहीर तयारीने उभा राहतो, कारण सवालांचे प्रकार त्याला ठाऊक असतात: सृष्टीच्या उत्पत्तीचा, पुराणातल्या वंशावळीचा, देहाच्या तत्त्वांचा. प्रत्येक प्रकाराला उत्तर देण्याची सामग्री त्याने पाठ केलेली असते किंवा त्याच्या बाडात असते. हस्तलिखित पदांचे ते बाड जिवापाड जपले जाई आणि प्रतिपक्षाच्या नजरेआड ठेवले जाई, ते याच कारणासाठी. बाड म्हणजे शक्य असलेल्या उत्तरांचा साठा, आणि त्यातले कोणते कधी काढायचे हे शाहिराच्या डोक्यात. आजचा प्रोग्रामर यांतल्या पहिल्याला माहिती म्हणेल आणि दुसऱ्याला तर्क, आणि दोन्ही वेगवेगळे ठेवा असे नवशिक्याला बजावेल.

माझ्या युक्तिवादाचा गाभा मात्र या साम्यात नाही. साम्ये कुठेही काढता येतात. मला महत्त्वाचा वाटतो तो शिकण्याचा क्रम. शाहिराच्या फडात नवा मुलगा आला की त्याला मागे उभे करीत. त्याने झील धरायची. शाहिराने म्हटलेल्या ओळीचे शेवटचे शब्द उचलायचे, वर न्यायचे, आणि पुन्हा शाहिराच्या हवाली करायचे, एवढेच त्याचे काम. वारकरी कीर्तनात टाळकऱ्याची जागा तीच. या कामात कवित्व लागत नाही. पण कुठे उचलायचे आणि कुठे सोडायचे हे अचूक कळावे लागते. म्हणजे नवशिका सर्वांत आधी गोष्टीचा आशय शिकत नाही, भाषेचे अलंकार शिकत नाही. तो सांधे शिकतो. कितीतरी रात्री झील धरल्यावर त्याला बतावणीत एखादे लहान काम मिळते, सोंगाड्याच्या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर. ते देताना लोक हसले तर थोडे वाढवायचे, नाही हसले तर आवरायचे. ही त्याची पहिली अट. पुढे तो दुसऱ्याच्या वगात संपूर्ण भूमिका करतो. स्वतःचे पद बांधणे सगळ्यांत शेवटी येते, आणि कित्येकांच्या आयुष्यात येतच नाही. तरी ते चांगले कलावंत असतात. दुसऱ्याच्या तयार खेळात उभे राहून, त्याचा एकेक भाग आपल्याकडे घेत पुढे सरकायचे, अशी ही शिकवणी आहे.

सॉफ्टवेअर शिकवण्याची आपली नेहमीची रीत याच्या बरोबर उलट चालते. पहिल्या दिवशी चल, त्यांचे प्रकार, कंस आणि विरामचिन्हे, मग अटी, मग आवर्तने, आणि सगळे झाल्यावर, विद्यार्थी टिकला असेल तर, स्वतःची गोष्ट. त्याने तोपर्यंत दुसऱ्याची एकही चालती गोष्ट आतून पाहिलेली नसते. संवादी कथेच्या बाबतीत ही रीत विशेष हानिकारक आहे, कारण इथे भाषेचे व्याकरण फार थोडे आहे. ट्वाइनमध्ये दोन चौकोनी कंसांच्या जोडीत चार शब्द लिहिले की वाट तयार होते. एवढ्यावर एक अख्खी कथा उभी राहते. अवघड आहे ते कोणता प्रश्न विचारायचा, उत्तराच्या किती वाटा मोकळ्या ठेवायच्या आणि कुठे त्या परत आणायच्या. हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. दुसऱ्याची लिहिलेली कथा उघडावी, तिच्यातला एक तुकडा बदलून पाहावा, मग एक वाट जोडावी, मग एक खूण; ही झील धरण्याचीच पद्धत आहे, आणि जगभरचे स्वयंशिक्षित प्रोग्रामर प्रत्यक्षात असेच शिकत आलेले आहेत. फरक एवढाच की फडात ही रीत उघड आणि मान्य होती. वर्गात दुसऱ्याचे घेऊन बदलणे याला नक्कल म्हणतात.

मग मधल्या काळात हे कसब आपल्या नजरेआड कसे गेले? यामागे मराठी रंगभूमीचा एक मोठा बदल आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे प्रसंग पाहून आपली भाषणे करीत. १८६१ मध्ये वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लिहिलेले, छापलेले, पाठ करून म्हणायचे नाटक रूढ होऊ लागले. अशा नाटकांना त्या काळी बुकिश नाटके म्हणत. या बदलाने मराठी नाटकाला जे दिले त्याचे मोल करता येणार नाही. पुढे नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिले ते याच परंपरेतून. पण त्याबरोबर प्रतिष्ठेचा काटाही हलला. लिहिलेले ते नाटक, न लिहिलेली ती गंमत. पहिले साहित्य, दुसरी करमणूक. वडसा-देसाईगंज हे ज्या व्यवसायाचे केंद्र आहे त्या झाडीपट्टी रंगभूमीत या दोन जगांची सांधेजोड अजून दिसते. तिथली नाटके लिहिलेली असतात, हंगामात एकेका संचाचे प्रयोग रात्रीमागून रात्री लागतात, आणि पाठांतराला वेळ कमी पडतो तेव्हा प्रॉम्प्टर सगळे तोलून धरतो. पुढे काय बोलायचे हे सांगणारा, आणि नटाने मध्येच काही घातले तर ते संपेपर्यंत थांबून त्याला पुन्हा ओळीवर आणणारा, असा तो माणूस. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची शहरांत थोडी चर्चा झाली. प्रॉम्प्टरच्या कामाची मात्र कोणी विद्या म्हणून नोंद घेतल्याचे दिसत नाही. १९४८ साली नागपुरात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि गोष्ट घराघरांत पोहोचू लागली, पण ऐकणाऱ्याचे उत्तर तिकडे जाण्याची वाट राहिली नाही. श्रोता गप्प बसून ऐकतो, हे आपण मग गोष्टीचे नैसर्गिक रूप मानू लागलो.

या सगळ्यावर घेता येईल असा सर्वांत वजनदार आक्षेप असा: शाहीर आणि कीर्तनकार जिवंत माणसे होती. अनपेक्षित उत्तर आले तर ती त्याच क्षणी नवे काही बोलू शकत. स्क्रिप्टला हे जमत नाही. लिहिणाऱ्याने आधी जे कल्पिले तेवढेच ती जाणते. मग दोघांना एका विद्येत बसवणे म्हणजे ओढाताण नाही का? हा भेद खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण तो जितका वाटतो तितका रुंद नाही. जागेवर सुचल्यासारखे वाटणारे बरेचसे आधी सुचलेले असते. शंभर गावांत तोच प्रश्न विचारणाऱ्याला त्याची उत्तरे माहीत झालेली असतात. समुदाय दरवेळी नवे काही बोलत नाही. गाडगेबाबांचे प्रश्न मुद्दाम अरुंद होते हे वर पाहिलेच. म्हणजे जिवंत माणसानेही अनपेक्षित उत्तराला वाव कमी ठेवण्याची काळजी घेतली होती. उरतो तो खरोखरचा अकल्पित क्षण: एखादा म्हातारा उठून भलतेच बोलतो, आणि सोंगाड्या ते उचलतो. तो क्षण स्क्रिप्टच्या हाती लागणार नाही. म्हणूनच नवशिक्याने प्रश्न अरुंद विचारायला शिकले पाहिजे, आणि हे त्याला शाहिरापेक्षा चांगले कोणी शिकवणार नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. त्या श्रोत्याला खरी निवड होती कुठे? त्याने काही उत्तर दिले तरी कीर्तन शिक्षण, स्वच्छता आणि कर्जमुक्तीवरच येणार होते. वगाचा शेवटही ठरलेला. मग हे संवादी कसले? यावर माझे उत्तर असे की निवडीने शेवट बदललाच पाहिजे, ही संवादी कथेची व्याख्याच अपुरी आहे. बकऱ्याचा नवस देव मागत नाही, हे वाक्य बाबांनी सांगणे आणि गावाने स्वतःच्या तोंडून कबूल करणे, यांत शेवट तोच असला तरी ऐकणाऱ्याच्या मनात घडलेली घटना वेगळी आहे. त्याने सांगितलेले ऐकले नाही. तो चालत तिथे पोहोचला. सत्यशोधकांच्या जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा उचलून त्यात प्रश्नोत्तरे घातली, ती याच जाणिवेने. आजच्या चांगल्या संवादी कथांतही बहुतेक वाटा जुळतात आणि शेवट मोजके असतात. वाचणाऱ्याने वाटेत काय पत्करले, त्यावर त्या शेवटाचे वजन ठरते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अधिक बोचतो. ज्या शिकवणीचे मी गुण गातो आहे ती सर्वांसाठी कधीच नव्हती. खडी गंमतीत बाईची भूमिका नाच्या करीत असे, कारण त्या फडात बाईला उभे राहू दिले जात नव्हते. विद्या घराण्यात, जातीत, गुरूच्या मर्जीत अडकलेली होती. बाड लपवले जाई आणि पुष्कळदा माणसाबरोबर संपून जाई. ज्यांनी ही कला जोपासली त्यांना गावाने रात्री टाळ्या दिल्या आणि दिवसा वेशीबाहेर ठेवले. हे सारे मान्य केल्यावाचून झिलीचे कौतुक करणे अन्यायाचे ठरेल. ट्वाइन फुकट मिळते, कोणत्याही साध्या संगणकावर चालते, आणि शिकणाऱ्याला जात वा लिंग विचारत नाही. ही प्रगती आहे आणि तिच्यापासून मागे फिरण्याचे कोणतेही कारण नाही. मी जुन्या व्यवस्थेतून उचलू पाहतो ते फक्त एक: आधी सांधे, मग अट, मग भूमिका, मग निर्मिती, हा क्रम. तो उचलताना गुरूची मक्तेदारी बरोबर आणावी लागत नाही.

भाषेची अडचण उरते, आणि ती निकालात काढण्याजोगी आहे. आज्ञांचे शब्द इंग्रजी असतात हे खरे, पण त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. गोष्ट मराठीत, हवी तर झाडीबोलीत किंवा वऱ्हाडीत, लिहायला काहीच आडकाठी नाही. ट्वाइनची कथा ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा जागच्या जागी बसतात. पायथन या भाषेत तर तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावेसुद्धा देवनागरीत देता येतात. शाहिरीची भाषा तरी कुठे निर्भेळ होती? भोसल्यांच्या नागपुरात मराठी आणि हिंदी शेजारी नांदत होत्या, आणि भेदिक रचनांत दोन्हींचे शब्द सहज येत. चार इंग्रजी आज्ञांनी ज्याचा धीर सुटतो, त्याला खरी अडचण बहुधा दुसरीच आहे: त्याला गोष्ट ज्या प्रश्नावर वळवायची तो प्रश्नच अजून सापडलेला नाही.

या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि मला तिची निकड सर्वांत अधिक वाटते. लोककलांचे जे संकलन आजवर झाले ते कागदावर झाले. त्यामुळे गण वाचले, गवळणी वाचल्या, लावण्या आणि वगांची पदे वाचली. बतावणी वाचली नाही. संकलन करणाऱ्यांचा त्यात दोष नाही. एका रात्री काय बोलले गेले ते कागद टिपू शकतो. लोक हसले नसते तर काय बोलले गेले असते, हे लिहायला कागदावर जागाच नसते. सोंगाड्याच्या डोक्यात मात्र ते सगळे असते, फांद्यांसकट. स्क्रिप्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी ही जागा आहे. ज्या विद्यार्थ्याला वाट, खूण, अट आणि परतीची जागा एवढ्या चार गोष्टी येऊ लागल्या, तो मंडईच्या हंगामात एखाद्या वयस्क कलावंतासमोर बसून त्याची बतावणी तिच्या सगळ्या वळणांसह उतरवून घेऊ शकेल. त्यासाठी त्याला संकलकांचा नेहमीचा प्रश्न बदलावा लागेल. तुम्ही तिथे काय म्हणत होता, असे विचारून भागणार नाही. लोक गप्प राहिले तर काय म्हणत होता, पाटील रागावून उठला तर काय, पुढच्या रांगेतले पोर मध्येच बोलले तर काय, आणि तिथून पुढच्या पदावर कसे येत होता, हे एकेक करून विचारावे लागेल.